वॉर्डातल्या मामा-मावशींविषयी, नव्या निवासी डॉक्टरांना खुले पत्र

प्रिय डॉक्टर,

यंदा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत निवासी म्हणून रुजू झालेल्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र लिहिते आहे. मी 33 वर्षं अशाच एका रुग्णालयात काढली. स्टाफ नर्स म्हणून लागले आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, म्हणून 58 व्या वर्षी निवृत्त झाले. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो, लेबर रूम, सगळीकडे पोस्टिंग झालं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ज्या मामांविषयी आणि मावशींविषयी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांविषयी, लिहिते आहे त्यांचीही नावं लिहीत नाही, कारण त्यांतले काही अजून ड्युटीवर आहेत आणि काहींची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे.

एका डॉक्टरांना एक गोष्ट सांगायची राहून गेली. ती इतकी वर्षं मनात आहे, म्हणून आता तुम्हाला सांगते.

पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. इमर्जन्सीचा दिवस संपून पहाटेचे तीन वाजलेले. खाटा भरल्या होत्या, खाली गाद्या घातल्या होत्या. यकृताच्या सिऱ्हॉसिसचा एक रुग्ण पोटात पाणी भरून धापा टाकत होता आणि फर्स्ट इयरचे डॉक्टर त्याचं टॅपिंग करत होते, म्हणजे सुईने पोटातलं पाणी काढत होते. आदल्या सकाळपासून ते उभेच होते, जेवले होते की नाही कोण जाणे. हात चांगला होता त्यांचा. पहिल्याच प्रयत्नात पाणी आलं, रुग्णाचा श्वास मोकळा झाला, आणि तेवढ्यात कॅज्युअल्टीतून कॉल आला म्हणून ते धावत गेले. इंट्राकॅथची सुई चादरीच्या घडीत राहिली.

सहा वाजता मावशी चादर बदलायला आल्या. सुई अंगठ्याच्या बुडाशी गेली, चांगली खोल. त्यांनी ती ओढून काढली, नळाखाली हात धुतला, ड्रेसिंग ट्रॉलीवरचा गॉजचा तुकडा बांधला आणि पुढच्या खाटेची चादर काढायला घेतली. कोणाला बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी फरशी पुसताना त्या काठी दोन बोटांत धरत होत्या, अंगठा लावत नव्हत्या, तेव्हा माझं लक्ष गेलं.

"मावशी, हाताला काय झालं?"

"काय नाय ओ सिस्टर, टोचलं जरा."

त्या ठेकेदाराकडून होत्या. सांगितलं तर कॅज्युअल्टीत जावं लागेल, तिथे दोन तास जातील, सुपरवायझर हजेरी कापेल, आणि 'हिला काही लागलंय' असं झालं तर उद्या दुसरी बाई उभी करतील. एवढा हिशोब त्यांनी नळाखाली हात धरल्या धरल्या केला होता.

रुग्ण हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, पॉझिटिव्ह होता. मावशींना लसीचा एकही डोस मिळालेला नव्हता. तुम्ही हे माझ्यापेक्षा जास्त शिकलात, तरी आकडे लिहिते. लस न घेतलेल्या माणसाला अशा रुग्णाची सुई टोचली तर 100 पैकी 6 ते 30 जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हे प्रमाण 1000 त 3 आहे, आणि त्याची प्रतिबंधक औषधं दोन तासांत सुरू केलेली उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. मावशी पाचव्या दिवशी बोलल्या. त्या रुग्णाचा एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता हे आमचं नशीब. हिपॅटायटिस बी साठी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, सात दिवसांच्या आत देता येतं, ते बाहेरून आणलं, सिस्टरांनी वर्गणी काढली. लसीचा पहिला डोसही त्याच दिवशी दिला. मग सहा महिने रक्ततपासण्या. शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला तेव्हा त्या स्टोअर रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा मला सांगितलं की सहा महिने घरात स्वतःचं ताट-वाटी वेगळी ठेवली होती, नातवाला जवळ घेतलं नव्हतं.

हा आजार ताटातून पसरत नाही, नातवाला मांडीवर घेतल्याने होत नाही. दोन मिनिटांचं सांगणं होतं. आम्ही रक्त काढलं, रिपोर्ट पाहिले, फाइल केली. मीही सांगितलं नाही. त्यांना माहीत असेल असं मी धरून चालले, आणि खरं म्हणजे विचारच केला नाही.

त्या डॉक्टरांचं पोस्टिंग तोवर बदललं होतं. ते आज कुठेतरी मोठे फिजिशियन असतील. माणूस चांगला होता, मावशींशी कधी वाकडं बोललेला मी ऐकला नाही. म्हणूनच ही गोष्ट आधी सांगितली. आमच्या वॉर्डात आवाज चढवणारे डॉक्टर होते, त्यांच्याकडे येतेच. पण सगळ्यात मोठी इजा ज्यांच्या हातून झाली ते आवाज न चढवणारे होते. मावशींशी गोड बोलणं आणि त्या उद्या सकाळी हीच चादर उचलणार आहेत हे पहाटे तीनला ध्यानात असणं, यातलं दुसरं जास्त अवघड आहे.

जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम तुमच्या इंडक्शनमध्ये सांगितले असतील. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुया-ब्लेडसाठी पांढरा न भेदता येणारा डबा, काचेसाठी निळा. त्याच नियमांत आणखी काही लिहिलंय, त्याच्या स्लाइड कोणी दाखवत नाही. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कायम असो की ठेक्यावरचा, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची आहे. रुजू होताना आणि नंतर दरवर्षी त्याची आरोग्य तपासणी आणि प्रशिक्षण करायचं आहे. कागदावर हे सगळं आहे. तुमच्या वॉर्डातल्या मावशींना विचारून पाहा किती डोस झाले. तीन हवेत: पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. ठेका दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतो, माणसं बदलतात, आणि बहुतेकांची गाडी पहिल्या नाही तर दुसऱ्या डोसवर अडलेली असते.

आता बोलण्याविषयी.

आपल्याकडे वॉर्डबॉयला मामा आणि आयाला मावशी म्हणायची रीत आहे. किती चांगली रीत आहे! दुसऱ्या कुठल्या ऑफिसात हाताखालच्या माणसाला आईच्या नात्याने हाक मारतात? पण मी त्याच मामाला 'ए' लावलेला ऐकलाय. "ए मामा, ट्रॉली आण." "कुठे मेले सगळे मामा?" बोलणारा पंचवीस वर्षांचा, ऐकणारा पंचावन्नचा, ज्याचा मुलगा बोलणाऱ्याएवढा. 'अहो मामा' आणि 'ए मामा' यांत एका अक्षराचा फरक आहे आणि तो साऱ्या वॉर्डाला ऐकू जातो. रुग्णाचे नातेवाईक ऐकतात, आणि संध्याकाळी तेही 'ए मामा' म्हणू लागतात. नर्सिंगच्या मुली ऐकतात. मामा ऐकतात आणि खाली मान घालून ट्रॉली आणतात. घरी गेल्यावर ते काय करतात ते मला माहीत आहे, कारण त्यातल्या काहींच्या बायका माझ्याशी बोलायच्या.

आणि मामाला नाव असतं. एका वॉर्डात तिन्ही पाळ्या मिळून पाच-सहा मामा, तेवढ्याच मावशी. रुग्णांचे रजिस्ट्रेशन नंबर तुम्हाला पाठ होतात, पोटॅशियम किती आलं ते पाठ असतं, मग बारा नावं पाठ व्हायला एक आठवडा पुरे. ऑपरेशन थिएटरात जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची जी सुरक्षा यादी लावलेली असते, तिच्यात चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं असं लिहिलेलं आहे. कारण सरळ आहे. ज्याला नावाने हाक मारली आहे तो चूक दिसली तर बोलतो. बाकीचे भिंतीला टेकून उभे राहतात.

बोलला तर काय होतं ते लेबर रूममध्ये पाहिलंय. रात्रीची पाळी, पाठोपाठ सात बाळंतपणं. एक पहिलटकरीण, सगळं सुरळीत झालेलं, बाळ छान, टाके घालून तिला बाजूच्या खोलीत हलवलेलं. मावशी तिचं पॅड बदलून आल्या आणि टेबलावर नोट्स लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमना म्हणाल्या, "मॅडम, त्या बाईच्या अंगावरून जास्तच जातंय." मॅडम सेकंड इयरच्या होत्या. बीपी दहा मिनिटांपूर्वीच पाहिलेलं, बरं होतं. तरी त्या पेन ठेवून उठल्या. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय कणकेसारखं मऊ. तिथेच मसाज सुरू केला, गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनची बाटली लावली, दुसरी शीर घेतली, मामा रक्तपेढीकडे पळाले. ती बाई वाचली. पाचव्या दिवशी बाळ घेऊन घरी गेली.

पॅड कोण बदलतं? मावशी. रात्रीत तिसरं बदलतोय की पाचवं हे कोणाला माहीत? मावशीला. रुग्णाच्या पाठीवरची कातडी लाल व्हायला लागलीय हे कूस बदलणाऱ्याला आधी दिसतं. कोणाचा डबा तसाच परत जातोय, कोण भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि बोलत नाही, हे राउंडला कळत नाही. त्या मॅडम रोज सकाळी ड्युटीवर आल्यावर मावशींना विचारायच्या, "रात्री काय काय झालं?" आणि उत्तर संपेपर्यंत उभ्या राहायच्या. त्यामुळे त्या रात्री मावशी बोलल्या. आधी चार वेळा 'तुम्हाला काय कळतंय' ऐकलं असतं तर पॅड बदललं असतं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या असत्या.

ऑर्थोला गेलेल्यांसाठी प्लास्टर रूमच्या मामांविषयी लिहिलं नाही तर पत्र अपुरं राहील. आमच्याकडच्या मामांनी तिथे 28 वर्षं काढली. दरवर्षी नवे डॉक्टर यायचे, पुस्तकात पाहिलेला स्लॅब, म्हणजे प्लास्टरच्या पदरांची पट्टी, हातात घेतला की ओघळायचा. मामा शेजारी उभे राहून हळू आवाजात सांगायचे, म्हणजे रुग्णाला ऐकू जाऊ नये आणि डॉक्टरांची लाज राहावी. "साहेब, हाताला दहा पदर पुरे, पायाला चौदा-पंधरा घ्या." "पाणी गरम आहे साहेब, लवकर धरेल, आणि खाली कातडी भाजेल, गार घेऊ." "टाचेवर कापूस जास्त." "बोटांनी दाबू नका, तळहाताने, नाहीतर आत खड्डा पडतो आणि जखम होते." मी त्या खोलीत दोन वर्षं होते. निदान वीस ऑर्थोपेडिक सर्जन या माणसाच्या हाताखाली पट्टी भिजवायला शिकलेले मी पाहिले. मामा निवृत्त झाले साठाव्या वर्षी, वर्ग चारची नोकरी साठपर्यंत असते. त्या दिवशी एकच डॉक्टर, जे तोवर दुसऱ्या जिल्ह्यात मोठे झाले होते, गाडी काढून येऊन त्यांच्या पाया पडले. मामा इतके संकोचले की खुर्चीवरून उठून भिंतीला लागले. बाकीचे एकोणीस कामात असतील, राग नाही. पण मामांनी घरी जाताना मला विचारलं, "अमुक साहेबांना कळवलं होतं का हो?"

आता चहाच्या कपाविषयी. हे लिहायला मला जड जातंय. ड्युटी रूममध्ये चहा मावशी आणतात. कप विसळतात, सगळ्यांना देतात. आणि त्यांचा स्वतःचा स्टीलचा पेला खिडकीत उपडा असतो. तो तिथे कोणी ठेवला, कधीपासून, असं विचारलं तर कोणी सांगणार नाही. मी नोकरीला लागले तेव्हाही तो होता आणि पहिली कित्येक वर्षं मला तो दिसला नाही. सफाईचं काम करणाऱ्या आमच्या बहुतेकांचे आईवडील तेच काम करायचे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळते, घर उभं राहतं, हे मोठं काम झालं. पण झाडू त्याच घरांत राहिला हेही तितकंच खरं आहे, आणि खिडकीतला पेला त्या घरांकडे बोट दाखवतो. एका डॉक्टरांनी, नागपूरकडचे होते, ट्रे आला की पहिला कप मावशींच्या हातात द्यायला सुरुवात केली. बोलले काहीच नाहीत. दोन महिन्यांत खिडकी रिकामी झाली. मला पंधरा वर्षांत जमलं नाही ते त्यांनी करून दाखवलं.

तुमच्यातले काही जण वाचताना म्हणत असतील, सिस्टर, मामांची दुसरी बाजू सांगा. सांगते. काही मामा ट्रॉली ढकलायचे पैसे नातेवाईकांकडून घेतात. मुलगा झाला की लेबर रूमच्या दारात बक्षिसी मागतात, मुलगी झाली तरी मागतात. कोणी पाळीतून दोन तास गायब असतो, कोणी पिऊन येतो. मी स्वतः तीन वेळा लेखी तक्रार केली आहे आणि एकदा चौकशीत साक्ष दिली आहे. गरीब माणसाच्या खिशातून पैसे काढणाऱ्याला मी कधी पाठीशी घातलं नाही, तुम्हीही घालू नका. नाव, तारीख, वेळ लिहा, मॅट्रनकडे द्या, अधीक्षकांकडे द्या. पण त्या एकाच्या रागाने सहा जणांना शिव्या देऊ नका. आणि ज्यांचा पगार ठेकेदार दोन-दोन महिने अडकवतो, त्यांच्या चेहऱ्यावरच्या वैतागाला माज म्हणू नका.

तुमचे हाल मला माहीत नाहीत असं नाही. छत्तीस-छत्तीस तास उभ्या असलेल्या मुलींना मी टेबलावर डोकं ठेवून झोपलेलं पाहिलंय आणि कॉल आला तरी पाच मिनिटं उठवलं नाही. वरून ओरडा खायचा आणि खाली ओरडायचं, असा हा जिना आहे. सर सिनियरवर, सिनियर ज्युनियरवर, ज्युनियर इंटर्नवर आणि इंटर्न मामावर. मामाच्या खाली पायरी नाही. तुमच्या ड्युटीच्या तासांसाठी, हॉस्टेलसाठी, सुरक्षेसाठी तुम्ही संप करता, आम्ही नर्सेसनी तुम्हाला पाठिंबा दिलाय. पुढच्या वेळी मागण्यांचं निवेदन टाइप कराल तेव्हा ठेक्यावरच्या मामा-मावशींची लस, वेळेवर पगार आणि कपडे बदलायची एक खोली, एवढ्या तीन ओळी त्यात घाला. तुमच्या निवेदनाला वर्तमानपत्रं छापतात. त्यांच्या निवेदनाला सुपरवायझर घडी करून खिशात घालतो.

कोविडच्या पहिल्या लाटेत मृतदेह पिशवीत बांधणारे हात मामांचे होते. 2020 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने 50 लाखांचं विमा संरक्षण जाहीर केलं तेव्हा त्यात वॉर्डबॉय आणि सफाई कर्मचारीही होते. टाळ्या वाजल्या. आमच्या वॉर्डात त्या काळात ठेक्यावर घेतलेल्या सहांपैकी दुसरी लाट ओसरल्यावर एकही राहिला नाही. एकाचा फोन मला अजून येतो, सणाला. कुठे वॉचमन आहे. "सिस्टर, काही जागा निघाली का?" असं विचारतो.

शेवटी एवढंच मागते. तुमची पहिली इमर्जन्सी येईल तेव्हा टॅपिंगचा, लंबर पंक्चरचा, सेंट्रल लाइनचा ट्रे लावताना पांढरा डबा आणि सुई कापायचा हब कटर खाटेशी घेऊन जा. सुईला टोपण परत लावू नका. आत गेलेली प्रत्येक सुई बाहेर आल्यावर तुमच्याच हाताने डब्यात पडू द्या, कॉल कितीही घाईचा असो, त्याला चार सेकंद लागतात. जाताना चादरीवरून एकदा नजर फिरवा. आणि मावशींना सुई टोचल्याचं कळलं, मग ती कोणाच्याही हातून राहिलेली असो, तर त्यांना एकटं कॅज्युअल्टीत पाठवू नका. बरोबर जा, कागद तुम्ही भरा, सुपरवायझरला फोन तुम्ही करा. आणि घरी नातवाला जवळ घ्यायला हरकत नाही, हे त्यांना त्याच दिवशी सांगा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका